लोकमान्य नगरातली दोन फुटी टाकी: दिवा कसा ठरला

प्रकरण थोडक्यात असं. इंदूरच्या लोकमान्य नगरातले निवृत्त काका-काकू, दिवाणखान्यात काचेची दोन फुटी टाकी, आत मासे आणि जिवंत वनस्पती. पावसाळाभर टाकी छान चालली आणि दिवाळीनंतर काही आठवड्यांतच शेवाळाने भरली. मधे एकच बदल डोळ्यांत भरण्यासारखा झाला होता. पुण्यात शिकणारा नातू सुट्टीला आला आणि झाकणातली जुनी ट्यूब काढून त्याने ५० वॅटचा एलईडी फ्लड लाइट लावून दिला. काकांनी फोनवर विचारलं, "अरे, हा दिवा काढून दुसरा कोणता घेऊ, तेवढं सांग." हे सांगायला मला दिव्याकडे अगदी शेवटी बघावं लागलं. वनस्पतींच्या टाकीसाठी प्रकाश निवडण्याचा क्रमच तसा आहे असं मी मानतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

टाकी आणि घर

टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ५० लिटरच्या आसपास. पाण्याच्या पृष्ठभागापासून खडीपर्यंतचं अंतर जेमतेम २८ सेंटीमीटर. प्रकाशाच्या हिशेबात टाकीच्या लिटरांपेक्षा हे अंतर आणि तळाचं क्षेत्रफळ जास्त कामाचं असतं. इथे तळ ०.१८ चौरस मीटर भरतो. हा आकडा पुढे लागणार आहे.

मधल्या लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न बांधलेले, मागे व्हॅलिस्नेरियाच्या रिबिनी आणि हायड्रिला, उजव्या कोपऱ्यात नातवाने आणून लावलेली, प्रखर प्रकाशात लाल होणारी रोटाला. मासे म्हणजे चेरी बार्ब आणि झेब्रा डॅनिओ, दोन्ही काटक. पाणी नर्मदेचं, तेही एक दिवसाआड येणारं, म्हणून कधी कधी त्यात बोरिंगची भर. माळव्याच्या काळ्या खडकातलं बोरिंगचं पाणी जड असतं, आणि टाकीच्या झाकणाच्या काचेवर पांढरा थर बसलेला होताच. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. खत म्हणून आठवड्याला एक झाकण द्रवखत.

माणसांची माहितीही तितकीच महत्त्वाची, आणि ती कोणी विचारत नाही. काका सकाळी फिरायला जातात, दुपारी वामकुक्षी. टाकीसमोर दोघं खरोखर बसतात ती संध्याकाळच्या दिवाबत्तीपासून जेवणं होईपर्यंत. वर्षातून दोन-तीन वेळा पंधरा-पंधरा दिवस पुण्याला मुलाकडे मुक्काम असतो, तेव्हा शेजारच्या वहिनी येऊन माशांना दाणा टाकतात. काकूंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना उघडा झगझगीत दिवा सहन होत नाही. काय हवं, असं विचारल्यावर काका म्हणाले, हिरवंगार दिसायला हवं. काकू म्हणाल्या, मासे दिसायला हवेत. नातवाला फोन लावला तर तो म्हणाला, लाल झाडं हवीत, आणि समोर गवताचा गालिचा.

काय बिघडलं होतं

शेवाळ दोन प्रकारचं होतं आणि दोन वेगळ्या जागी होतं. अनुबियासच्या पानांवर कडक हिरवे ठिपके, मुख्यतः मध्यभागी, दिव्याच्या बरोबर खाली. डाव्या काचेवर आणि तिच्या जवळच्या व्हॅलिस्नेरियावर लांब हिरवे तंतू. उजव्या बाजूला, जिथे रोटाला होती, तिथे शेवाळ कमी. पण रोटालाची नवी पानं आखडलेली, टोकाशी बारीक होत गेलेली. हायड्रिलाची पानं बोटांना खरखरीत लागत होती, त्यांवर पांढरट कण होते.

शेवाळ कुठे आहे हे आधी पाहावं, कोणतं आहे ते नंतर. दिवा हेच एकमेव कारण असतं तर डावीकडे आणि उजवीकडे सारखंच दिसायला हवं होतं.

मग मापं घेतली. तारेने जोडलेला सेन्सर असलेला साधा लक्समीटर घेतला, सेन्सर पारदर्शक झिपच्या पिशवीत घातला आणि खडीवर ठेवून ठिकठिकाणी आकडे टिपले. ही प्रयोगशाळेची अचूकता नव्हे, पण मधल्या आणि कोपऱ्यातल्या प्रकाशातला फरक कळायला पुरते. फ्लड लाइट पाण्यापासून वीतभर उंचीवर टांगलेला होता. त्याच्या खाली मध्यभागी तळाला ११,००० लक्स. कोपऱ्यांत ३,५००. म्हणजे एकाच टाकीत तिपटीहून जास्त फरक.

लक्सवर थोडं थांबायला हवं, कारण खोक्यावरचे आकडे वाचताना इथेच गोंधळ होतो. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश, लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन, आणि दोन्ही माणसाच्या डोळ्याची मापं आहेत. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, म्हणून त्या रंगाला लुमेनमध्ये मोठं वजन मिळतं आणि ६६० नॅनोमीटरच्या गडद लालला अगदी किरकोळ. वनस्पती मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जवळजवळ सगळा प्रकाश वापरते. त्या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडतात, ते मोजायचं एकक मायक्रोमोल. शौकीन मंडळी त्याला "पार" म्हणतात. पारमीटर महाग असतो. पण दिवा साधा पांढरा एलईडी असेल तर लक्सला ७० ने भागून अंदाज ठीक निघतो. लाल-निळे वेगळे एलईडी असलेल्या दिव्यांना हा भागाकार लावू नये, तिथे तो फसतो.

तर काकांच्या टाकीत मध्यभागी सुमारे १५५ मायक्रोमोल पडत होते. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन या मंडळींना २० ते ४० पुरतात. १५५ हा सिलिंडर लावून, रोज खत घालून, दर आठवड्याला कात्री चालवणाऱ्या माणसाच्या टाकीचा आकडा आहे. त्यात नातवाने वेळही सहा तासांवरून दहा तासांवर नेला होता, सकाळी अकरा ते रात्री नऊ. दिवसभराची बेरीज केली तर चौरस मीटरमागे साडेपाच मोलांच्या वर जाते (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). आधीच्या ट्यूबवर ती याच्या पाचव्या हिश्शालाही पोचत नसावी.

कार्बनचा हिशेब

एवढा प्रकाश मिळाला तर झाडं का वाढली नाहीत? काकांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती, कारण घरात सगळे म्हणत होते की ऊन मिळालं की झाड वाढतं.

जमिनीवरच्या झाडाला ते बऱ्याच अंशी लागू आहे. पाण्यात अडचण वेगळी. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच असतो, आणि पाण्यातून तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पानाच्या अंगाला लागून असलेला कार्बन पानाने संपवला की नवा यायला वेळ लागतो. सिलिंडर लावणारे लोक हेच प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, तेव्हा कुठे प्रखर दिवा सार्थकी लागतो. काकांच्या टाकीत भूक पाचपट वाढवली आणि ताटात तेवढंच वाढलं, असं झालं.

याचा पुरावा टाकीतच मिळाला. पीएचच्या थेंबाच्या किटने सकाळी दिवा लागण्याआधी ७.६ आला आणि रात्री दिवा बंद व्हायच्या सुमारास ८.६. दिवसभरात वनस्पतींनी आणि शेवाळाने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला की पीएच असा चढतो. हायड्रिलावरचे पांढरे कणही तीच गोष्ट सांगत होते. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया कार्बन डायऑक्साइड संपला की पाण्यातल्या बायकार्बोनेटवर गुजराण करू शकतात, आणि तसं करताना पानांवर चुन्याचा थर साचतो. रोटालाला ती सोय नाही. म्हणून मागची दोन झाडं तगली आणि रोटाला आखडली. अनुबियास मुळात संथ वाढणारं झाड. त्याचं एक पान कित्येक महिने तसंच राहतं, आणि प्रखर प्रकाशात एवढा काळ उघडं राहिलेलं पान ठिपक्यांच्या शेवाळाला आयती जागा देतं.

डाव्या काचेचं कोडं

तंतूंचं शेवाळ डावीकडेच का, याचं उत्तर एका सकाळी दिवा बंद ठेवून मिळालं. टाकीच्या डाव्या हाताला दक्षिणेची खिडकी आहे. साडेदहाच्या सुमारास उन्हाची तिरीप त्या काचेवर आली आणि बारा वाजून गेल्यावर सरकली. काचेच्या बाहेर मीटर ४०,००० लक्स दाखवत होता.

काकांचा यावर विश्वास बसेना. "ही टाकी मेपासून इथेच आहे, एक दिवस ऊन आलेलं नाही." त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला, २२.७ अंशांवर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून तो आत येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीसुद्धा जेमतेम ४४ अंश वर चढतो आणि ऊन खोलीत काही फूट आत येतं. उन्हाळ्यात टाकीची जागा ठरवणाऱ्याला हिवाळ्यातलं ऊन दिसत नाही. टाकीला दोन दिवे होते आणि त्यातला एकच बटणावर चालत होता. नवा दिवा कितीही नीट निवडला असता तरी डावी काच तशीच राहिली असती.

दिव्याचे पर्याय

आता कुठे दिव्याकडे वळलो. चार पर्याय समोर होते.

पहिला नातवाचा: फ्लड लाइट ठेवायचा आणि सिलिंडर आणायचा. तांत्रिकदृष्ट्या यात काही चूक नाही, आणि लाल झाडं व गालिचा हवा असेल तर हाच मार्ग आहे. पण सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड, डिफ्यूझर यांचा खर्च टाकीहून जास्त होतो, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अशा टाकीला सवड लागत नाही, हजेरी लागते. काका-काकू पुण्याला असताना गॅस संपला आणि दिवा लागत राहिला तर पंधरा दिवसांत आत्ताचीच अवस्था. शेजारच्या वहिनींवर हे ओझं टाकणं योग्य नाही.

दुसरा: फ्लड लाइट तसाच ठेवून दीड-दोन फूट वर टांगायचा. प्रकाश कमी होतो आणि जास्त सारखा पसरतो. पण मग तो टाकीत कमी आणि खोलीत जास्त सांडतो, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांत. काकूंमुळे हा पर्याय तिथेच संपला. दिव्याची निवड वनस्पतींबरोबर समोर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठीही असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डोळ्यांना टोचणारी टाकी लोक हळूहळू बघेनासे होतात, आणि जिच्याकडे कोणी बघत नाही तिची काळजीही घेतली जात नाही.

तिसरा: आयात केलेला लाल-हिरवा-निळा एलईडी असलेला खास अ‍ॅक्वेरियमचा दिवा. नातवाची दुसरी पसंती. या दिव्यांत रंग खुलतात हे खरं आहे. लाल पान जास्त लाल, मासा जास्त तेजस्वी. प्रकाश कमी-जास्त करता येतो, आणि पाण्यावर १२ किंवा २४ व्होल्टच येतात हा मोठा गुण. मात्र "झाडांना लाल-निळाच प्रकाश लागतो, म्हणून हा दिवा" हे जे कारण दुकानात दिलं जातं, ते अर्धवट आहे. क्लोरोफिल वेगळं काढून मोजलं तर त्याचे शोषणाचे शेंडे निळ्यात आणि लालमध्ये येतात. पण अख्ख्या पानावर संशोधक मॅक्री यांनी पिकांची मोजणी केली आणि ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसलं की हिरव्या प्रकाशावरही पान बऱ्यापैकी काम करतं. साध्या पांढऱ्या एलईडीत निळा, हिरवा, लाल तिन्ही असतात. वाढीसाठी तो पुरतो. जास्तीचे पैसे रंगासाठी आणि सोयीसाठी आहेत असं समजून घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा.

केल्विनचंही तसंच. ६५०० केल्विन म्हणजे झाडांचा आणि ४००० म्हणजे घराचा, असं काही नाही. तो आकडा प्रकाश आपल्याला पिवळसर दिसेल की निळसर एवढंच सांगतो. दुकानात टाकीबरोबर मिळणाऱ्या निळ्या-गुलाबी बुडत्या ट्यूबा मात्र टाळाव्यात. पाणी शोभिवंत दिसतं, पण तळापर्यंत उपयोगाचं फार थोडं पोचतं.

चौथा पर्याय घरात लावतो ती दोन फुटी एलईडी पट्टी, १० वॅटची. हजार लुमेन धरले आणि ०.१८ चौरस मीटरने भागले तर साडेपाच हजार लक्स. बाजूला सांडणारा, झाकणाच्या काचेत आणि पाण्यात हरवणारा प्रकाश वजा करून निम्म्याहून थोडा कमी तळाला पोचेल असं धरलं. म्हणजे अडीच हजार लक्स, ३५ मायक्रोमोल. आपल्याला हवे होते नेमके तेवढेच. शिवाय पट्टी टाकीइतकीच लांब, म्हणून कोपरे अंधारात राहत नाहीत.

या पर्यायाची एक खोट स्पष्ट लिहायला हवी. पट्टीत २३० व्होल्ट थेट येतात आणि खाली पाणी असतं. म्हणून ओलाव्यापासून संरक्षण असलेलीच पट्टी घ्यायची, ती झाकणाच्या काचेच्या वर लाकडी स्टँडवर बसवायची, वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. काकांच्या बोर्डात तो नव्हता. इलेक्ट्रिशियन बोलावून आधी तो बसवला आणि त्यानंतरच दिवा आणला. ज्यांच्याकडे हे शक्य नाही त्यांनी कमी व्होल्टचा अ‍ॅक्वेरियम दिवाच घ्यावा, जास्त पैसे मोजून घ्यावा.

काय लावलं

महाराणी रोडवरून ६५०० केल्विनची १० वॅटची एक पट्टी आणि ४००० केल्विनची ५ वॅटची दुसरी, ही रंग बरे दाखवणारी, सीआरआय ९० ची. मोठी पट्टी दुपारी तीन ते रात्री दहा. छोटी पुढच्या कडेला, सात ते नऊ एवढीच, काकूंना मासे बघायचे असतात तेव्हा. तिच्या उबदार प्रकाशात चेरी बार्बचा लाल रंग उठून दिसतो. मीटरवर तळाला मोठ्या पट्टीने २,५०० लक्स दिले, दोन्ही मिळून ३,६००. कोपऱ्यांत १,९००.

टायमर बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल घेतला. फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर लाइट गेली की थांबतो, आणि पावसाळ्यात दोन-चार वेळा वीज गेली की दिव्याचे तास रात्रीत सरकतात. डाव्या काचेला बाहेरून काळा कागद लावला. खिडकीला पडदा लावायचा विचार होता, पण हिवाळ्यातलं ऊन काकूंना खोलीत हवं होतं, आणि ते रास्तच होतं.

विजेचा हिशेब काकांनी स्वतः मांडला: आधी महिन्याला १५ युनिट, आता अडीचच्याही आत.

पुढचे महिने

पहिले काही आठवडे टाकी आणखी वाईट दिसली. प्रखर प्रकाशाला सरावलेल्या रोटालाने खालची पानं टाकली, व्हॅलिस्नेरियाच्या जुन्या रिबिनी पिवळ्या पडल्या. काका दर दोन दिवसांनी विचारायचे, थोडा वेळ वाढवू का? वाढवला नाही. तंतू जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढायचे, ठिपकेदार पानं देठापासून कापायची, आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं, खत बंद न करता निम्मं करायचं, एवढंच चालू ठेवलं. खत पूर्ण तोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही, कारण उपाशी झाड शेवाळाशी स्पर्धा करू शकत नाही.

फेब्रुवारीत डावी काच स्वच्छ राहू लागली. संध्याकाळचा पीएच ८.० च्या आसपास स्थिरावला. हायड्रिलाच्या नव्या पानांवर चुना दिसेना. अनुबियासने ठिपक्यांविना नवी पानं काढली, फार सावकाश. रोटाला जगली पण हिरवीच राहिली, लांबट आणि विरळ, म्हणून ती काढून तिथे तपकिरी पानांची क्रिप्टोकोरीन वेंडटी लावली.

नातवाच्या लाल रंगाची सोय टायगर लोटसने झाली. या कमळाच्या कंदातून येणारी पाण्याखालची पानं कमी प्रकाशातही लालसर राहतात. मुळाशी खताची गोळी खोचावी लागते, आणि पृष्ठभागाकडे धावणारी पानं वेळीच खुडावी लागतात, नाहीतर ती वर पसरून सगळी टाकी झाकतात. खुडण्याचं काम काकूंनी घेतलं आहे. गालिचाचा विचार नातवाने या टाकीपुरता सोडला. फ्लड लाइट तो पुण्याला घेऊन गेला. तिथे त्याला एक फुटी टाकीवर सिलिंडरसह प्रयोग करायचा आहे, आणि रोज हजर राहायला तो स्वतः आहे.

एप्रिलमध्ये पुन्हा मीटर लावला तर तळाला १,९०० लक्सच आले. पट्टी तीच, तास तेच. झाकणाच्या काचेला आतून पाण्याच्या क्षाराचा थर बसला होता. काच उतरवून व्हिनेगरने पुसली, साध्या पाण्याने धुतली, आकडा २,५०० वर परत आला. काका आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काच पुसतात, आणि पुण्याला जाताना टायमर सातऐवजी सहा तासांवर लावून जातात.